टेस्टोस्टेरॉन उपचार आणि बदलते शरीर : ‘तिरुनंबीं’समोरचा मधला काळ

जन्माच्या वेळी स्त्री म्हणून नोंद झालेल्या, परंतु स्वतःला पुरुष मानणाऱ्या व्यक्तीला ट्रान्स पुरुष म्हटले जाते. तमिळ भाषेत अशा व्यक्तीसाठी ‘तिरुनंबी’ हा शब्द रूढ झाला असून ‘तिरुनंगै’ हा शब्द ट्रान्स स्त्रियांसाठी वापरला जातो. यांपैकी अनेक ट्रान्स पुरुष वैद्यकीय देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा उपचार घेतात. उपचार सुरू झाला की शरीराविषयीची जुनी अस्वस्थता संपेल, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात शरीर आपल्याच गतीने बदलते आणि अस्वस्थता एकदम न जाता काही काळ आपली जागा बदलत राहते. हा मधला काळ कसा असतो, त्यात कोणते बदल केव्हा होतात आणि कोणती काळजी घ्यावी लागते, याचा हा आढावा.

मॅन्शनांची वस्ती

चेन्नईतील तिरुवल्लिकेणी म्हणजेच ट्रिप्लिकेन हा भाग पार्थसारथी मंदिर, वालाजाह मशीद आणि जवळच्या मरीना किनाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याची आणखी एक ओळख म्हणजे तेथील ‘मॅन्शन’. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या निमित्ताने शहरात आलेल्या एकट्या पुरुषांना माफक भाड्यात खोली देणाऱ्या या इमारती अनेक दशकांपासून या भागात उभ्या आहेत. लहान खोल्या, एका खोलीत दोन-तीन जण आणि मजल्यावर सामाईक स्नानगृहे, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते.

घर सोडून शहरात आलेल्या ट्रान्स पुरुषाच्या दृष्टीने अशी वस्ती दुहेरी अर्थाची ठरते. पुरुषांच्या निवासात राहायला मिळणे ही त्याच्या ओळखीला मिळालेली मान्यता असते. मात्र उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत आवाज, चेहरा आणि ओळखपत्र यांचा मेळ बसलेला नसतो. महिलांच्या वसतिगृहात तो पुरुष वाटू लागतो, तर पुरुषांच्या निवासात त्याच्याकडे ओळखीचा पुरावा मागितला जातो. उपचाराचा परिणाम समजून घेताना ही सामाजिक बाजूही लक्षात घ्यावी लागते.

संप्रेरकाचा इतिहास

टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक 1935 मध्ये वेगळे करण्यात आले आणि त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत तयारही करण्यात आले. या क्षेत्रातील संशोधनासाठी अडोल्फ बुटेनांट आणि लिओपोल्ड रुझिका यांना 1939 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

त्याच सुमारास ब्रिटनमधील मायकेल डिलन यांनी टेस्टोस्टेरॉन घेण्यास सुरुवात केली. पुरुष म्हणून जगण्यासाठी हा उपचार घेतलेल्या पहिल्या ज्ञात व्यक्तींमध्ये त्यांची गणना होते. ब्रिस्टल येथील एका गॅरेजमध्ये काम करीत असतानाच त्यांच्या शरीरात बदल होत गेले. 1944 मध्ये त्यांनी जन्मनोंदीत दुरुस्ती करून घेतली आणि पुढे त्यांच्यावर शस्त्रक्रियाही झाल्या. 1958 मध्ये वृत्तपत्रांनी त्यांचा पूर्वेतिहास उघड केल्यानंतर ते भारतात आले. त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि 1962 मध्ये हिमाचल प्रदेशातील डलहौसी येथे त्यांचे निधन झाले. शरीर बदलल्यावरही समाजाची नजर पाठ सोडत नाही, याचे हे प्रारंभीचे उदाहरण मानता येईल.

कोणते बदल, केव्हा?

या उपचाराला ‘दुसरे वयात येणे’ असेही म्हटले जाते. साधारणपणे पहिल्या सहा महिन्यांत त्वचा तेलकट होते, मुरुमे येतात, घामाचा वास बदलतो, भूक वाढते आणि मासिक पाळी थांबते. याच काळात जननेंद्रियाच्या आकारात वाढ होऊ लागते व योनिमार्गात कोरडेपणा येऊ शकतो. आवाज फुटण्याची सुरुवात काही महिन्यांत होते. तो स्थिर होण्यास एक ते दोन वर्षे लागतात. मिसरूड फुटणे, अंगावरील केस वाढणे आणि स्नायू बळकट होणे हे बदल साधारणतः सहा ते बारा महिन्यांदरम्यान दिसू लागतात. दाढी पूर्ण भरण्यास चार ते पाच वर्षेही लागू शकतात. नितंब व मांड्यांवरील चरबी कमी होऊन ती पोटाभोवती साठू लागते. ज्यांच्या कुटुंबात टक्कल पडण्याची प्रवृत्ती आहे, त्यांचे डोक्यावरील केस विरळ होण्याची शक्यता असते.

काही गोष्टी टेस्टोस्टेरॉनमुळे बदलत नाहीत. प्रौढ व्यक्तीची उंची वाढत नाही, कंबरेच्या हाडांची रुंदी कमी होत नाही आणि स्तन नाहीसे होत नाहीत. उपचार थांबवल्यास पाळी पुन्हा सुरू होऊ शकते, तसेच स्नायू व चरबीची ठेवण बऱ्याच अंशी पूर्ववत होते. मात्र खोल झालेला आवाज, जननेंद्रियाची वाढ आणि उगवलेली दाढी हे बदल बहुतांशी कायमचे असतात. म्हणूनच उपचारापूर्वी या बाबींची स्पष्ट कल्पना देऊन लेखी संमती घेणे आवश्यक मानले जाते.

अस्वस्थता जागा बदलते

स्वतःची जाणीव आणि शरीर यांतील विसंगतीमुळे होणाऱ्या तीव्र मानसिक त्रासाला ‘जेंडर डिस्फोरिया’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात लिंगभावाची विसंगती मानसिक विकारांच्या यादीतून वगळण्यात आली. ही ओळख आजार नाही. मात्र तिच्यासोबत येणारा त्रास खरा असतो आणि त्यावर मदत मिळायला हवी, अशी त्यामागील भूमिका आहे.

टेस्टोस्टेरॉनमुळे हा त्रास कमी होतो, असे संशोधनातून दिसून आले आहे. ऑस्ट्रेलियात 64 प्रौढ व्यक्तींवर करण्यात आलेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काहींना उपचार लगेच सुरू करण्यात आला, तर इतरांना तीन महिने थांबावे लागले. लगेच उपचार मिळालेल्या गटात डिस्फोरिया, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे आढळले.

तरीही वाट सरळ नसते. आवाज पुरुषी झाल्यावर आतापर्यंत दुर्लक्षिलेली छाती अधिक खटकू लागते. पाळी थांबल्याचा दिलासा मिळालेला असतानाच एखादे इंजेक्शन लांबले आणि रक्तस्राव झाला, तर तो धक्का पूर्वीपेक्षा मोठा वाटतो. समवयस्कांची दाढी भरलेली दिसते आणि स्वतःच्या हनुवटीवर चार केस असतात. आरशातील चेहरा ओळखीचाही वाटत नाही आणि हवा तसाही झालेला नसतो. आपला निर्णय चुकला की काय, अशी शंका अशा वेळी मनात डोकावते. अशी शंका येणे अस्वाभाविक नाही. ती मोकळेपणाने बोलून दाखवता येईल असा समुपदेशक, डॉक्टर किंवा मित्र असणे महत्त्वाचे ठरते.

इंजेक्शनच्या चक्राचाही मनःस्थितीवर परिणाम होतो. मात्रा दिल्यानंतर रक्तातील पातळी चढते आणि पुढील मात्रेपूर्वी उतरते. काहींना उतरत्या दिवसांत थकवा, चिडचिड किंवा उदासपणा जाणवतो. अशा वेळी दोन मात्रांमधील अंतर कमी करून प्रत्येक मात्रा लहान करणे किंवा दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन देणे असे पर्याय डॉक्टर सुचवू शकतात. आपली मनःस्थिती कोणत्या दिवशी कशी होती, याची साधी नोंद वहीत ठेवल्यास त्यांना निर्णय घेणे सोपे जाते.

घाई घातक

बदल लवकर व्हावेत म्हणून स्वतःहून मात्रा वाढवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळणे अत्यावश्यक आहे. अतिरिक्त टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होतो आणि बदलांची गती ठरवण्यात आनुवंशिकतेचाही मोठा वाटा असतो. शिवाय रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण वाजवीपेक्षा वाढून रक्त दाट होण्याचा धोका असतो. त्यामुळे पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एक-दोनदा टेस्टोस्टेरॉनची पातळी व तांबड्या पेशींचे प्रमाण तपासले जाते. रक्तदाब आणि रक्तातील चरबी यांवरही लक्ष ठेवले जाते. धूम्रपान करणाऱ्यांनी ते सोडावे, असा सल्ला दिला जातो.

पाळी थांबली म्हणजे गर्भधारणा होणार नाही, हा समजही चुकीचा आहे. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही, तसेच गर्भारपणात ते घेता येत नाही. भविष्यात अपत्य हवे असल्यास बीजांड जतन करण्याबाबत उपचारापूर्वीच डॉक्टरांशी बोलणे योग्य ठरते.

छाती सपाट दिसावी म्हणून अनेक जण घट्ट आतील वस्त्र म्हणजे बाइंडर वापरतात. चेन्नईच्या दमट उकाड्यात त्यामुळे पुरळ, बुरशीचा संसर्ग आणि श्वास घेण्यास त्रास होण्याची शक्यता वाढते. सलग आठ तासांहून अधिक काळ बाइंडर न घालणे, तो घालून न झोपणे आणि चिकटपट्टी किंवा क्रेप बँडेज छातीभोवती न गुंडाळणे हे साधे नियम पाळावेत. सामाईक खोलीत राहणाऱ्याला तो काढून ठेवण्यासाठी पुरेसा एकांत मिळत नाही, ही त्यातील खरी अडचण आहे. अशांनी दिवसातून काही वेळ सैल, जाड सदरा वापरणे हा व्यवहार्य उपाय ठरतो.

रुग्णालय आणि कागदपत्रे

तामिळनाडू सरकारने 2008 मध्ये तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र कल्याण मंडळ स्थापन केले. त्याच्या नावातील ‘अरवाणी’ हा शब्दच ट्रान्स स्त्रियांचा निर्देश करणारा होता; ट्रान्स पुरुष सार्वजनिक चर्चेत तुलनेने उशिरा आले. 2022 मध्ये मद्रास उच्च न्यायालयातील एका प्रकरणाच्या अनुषंगाने राज्य सरकारने लिंगभावविषयक सन्मानजनक शब्दांची सूची अधिसूचित केली. लिंगभाव ‘बदलण्यासाठी’ केले जाणारे तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने त्याच वर्षी राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले.

तिरुवल्लिकेणीत महिला व बालकांसाठीचे कस्तुरबा गांधी रुग्णालय आहे. 1885 मध्ये स्थापन झालेले हे रुग्णालय जुने लोक ‘गोशा हॉस्पिटल’ म्हणून ओळखतात. पडदानशीन स्त्रियांना संकोच न होता उपचार घेता यावेत, हा त्याच्या स्थापनेमागील हेतू होता. असाच संकोच आज ट्रान्स पुरुषाच्या वाट्याला येतो. गर्भाशय असेपर्यंत त्याला स्त्रीरोगतज्ज्ञाची गरज भासते. परंतु दाढी आलेल्या माणसाला कोणत्याही स्त्रीरोग विभागाच्या रांगेत उभे राहणे कठीण जाते. परिणामी तपासण्या लांबणीवर पडतात.

हा प्रश्न एका शहरापुरता मर्यादित नाही. केरळचे ट्रान्स पुरुष वैमानिक ॲडम हॅरी यांना संप्रेरक उपचारामुळे वैद्यकीय पात्रतेचा प्रश्न भेडसावला. त्यावर सार्वजनिक चर्चा झाल्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ऑगस्ट 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना जारी केल्या. बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांच्यावर मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि पुरुष म्हणून सेवेत राहण्याची परवानगी त्यांना मिळाली. साळवे यांच्या वैद्यकीय तपासणीत वाय गुणसूत्र आढळले होते. त्यामुळे त्यांची बाब ट्रान्स पुरुषांपेक्षा वेगळी आहे; परंतु नोकरी, नाव आणि शरीर यांचा मेळ घालताना कराव्या लागणाऱ्या खटपटी सारख्याच होत्या.

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी दिलेल्या निकालात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार मान्य केला. 2019 च्या केंद्रीय कायद्यात संप्रेरक उपचारांची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकण्यात आली आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांमार्फत ओळखपत्र देण्याची पद्धत आखण्यात आली. या नियमांबाबत अर्ज करण्यापूर्वी जिल्हा कार्यालयातून ताजी माहिती घ्यावी.

कुटुंबीयांची भूमिका

या काळात घरच्यांच्या साध्या वागण्याचाही मोठा आधार वाटतो. निवडलेल्या नावाने हाक मारणे, ‘आलास का?’ असे सहजपणे विचारणे, फुटलेल्या आवाजाची थट्टा न करणे आणि तपासणीच्या दिवशी सोबत जाणे यासाठी कोणत्याही वैद्यकीय ज्ञानाची गरज नसते. निराशा सतत राहिल्यास किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलणे कानावर आल्यास ते मनावर न घेता सोडून देऊ नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्य सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे.

मुलगे वयात येताना चार-पाच वर्षे घेतात आणि तेवढी सवड घर व समाज त्यांना देतो. तिरुनंबीलाही तितकीच सवड लागते.