घरचा साक्षीदार

आम्हां वऱ्हाडकरांस समुद्राचें अप्रूप फार. दापोलीकडे गेलों कीं हर्णैच्या किनाऱ्यावरील कोवळें ऊन, उन्हवऱ्याचे उष्ण झरे आणि पन्हाळेकाजीचीं लेणीं हा आमचा क्रम ठरलेला. पन्हाळ्यास सांपडलेल्या शके १०६१ च्या शिलाहार ताम्रपटाची हकीकत ऐकून आम्ही थक्क होतों. परंतु आमच्याच बार्शीटाकळीस कालंकादेवीच्या देवळांत शके १०९८, म्हणजे इ. स. ११७६-७७ चा शिलालेख आहे, त्याचें काय? त्या देवळास आपण हेमाडपंती म्हणतों. पण यादवांचा मंत्री हेमाद्रि उदयास आला तो त्यानंतर सुमारें ८५ वर्षांनीं! ही बांधणी हेमाडपंतानें काढली, ही समजूत त्या एका लेखापुढें टिकत नाहीं. दूरचे अवशेष अवश्य पाहावे. परंतु घरचा साक्षीदार न तपासतां आपलाच इतिहास सांगत बसणें शहाणपणाचें नव्हे.