निपाणी : सीमेवरचं गाव आणि त्याची माणसं

चांदे गावातून निघून पुणे-बंगळूर महामार्गाला लागलं, की कोल्हापूर आणि कागल मागे पडल्यावर निपाणी येते. दुकानांच्या पाट्यांवर कन्नड, बोलण्यात मराठी. अशा गावांचा विषय निघाला की आम्हाला कुर्दांची आठवण होते. 1923 च्या लोझान करारानंतर त्यांची वस्ती अनेक देशांत विभागलेली राहिली. तुलना फार ताणू नये. तिथे सरहद्दीवर सैन्य असतं, इथे एसटी जाते.

निपाणीचं नाव पेशवाईच्या अखेरीस आप्पा देसाई निपाणकरांमुळे गाजलं. पुढे गाव वाढलं ते तंबाखूवर. विडीच्या तंबाखूची ही मोठी बाजारपेठ. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बहुतेक बायकाच.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यपुनर्रचना झाली आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेली. महाराष्ट्राचं म्हणणं, खेडं हा घटक धरा, सलगता बघा, बहुसंख्यांची भाषा बघा, लोकांची इच्छा विचारा. 1967 च्या महाजन अहवालाने बेळगाव कर्नाटकात ठेवलं, पण निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं सुचवलं! महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. बेळगाव सोडून निपाणी घ्यायची कशी? आम्हाला तो नकार तत्त्वाला धरून वाटतो. पण त्याची किंमत निपाणीकरांनी मोजली, हेही म्हटलं पाहिजे. 2004 पासून प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे.

आता भाषणांत सहसा न येणारी गोष्ट. 1981 च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक याच महामार्गावर येऊन बसले. मागणी भावाची. त्यात मराठी बोलणारे होते, कन्नड बोलणारेही होते. प्रा. सुभाष जोशींनी संघटित केलेल्या विडी कामगार बायका त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. खरं तर शेतकऱ्याला भाव वाढवून हवा, मजुराला मजुरी. व्यापारी दोघांना एकमेकांविरुद्ध लावू शकला असता. तसं झालं नाही. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मेले.

म्हणून निपाणीवर बोलताना नुसती भाषिक टक्केवारी मांडणं आम्हाला अपुरं वाटतं. मुलांची शाळा आणि सातबारा आपल्या भाषेत हवा, ही मागणी न्याय्यच आहे. पण त्या वखारीतल्या बाईची मजुरी राज्य बदलून आपोआप वाढणार नव्हती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.