नोंदींची साखळी आणि मतपेटी

कागदावरची खाडाखोड डोळ्यांना दिसते. संगणकातील मजकूर मात्र मागमूस न ठेवता बदलता येतो. मग एखादा मजकूर अमुक दिवशी असाच होता, हे सिद्ध कसे करायचे? अमेरिकेतील बेलकोर या संशोधनसंस्थेतील स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ साली याचे उत्तर मांडले. मजकुरावर ठरावीक गणिती क्रिया केली की ठरावीक लांबीचा एक आकडा मिळतो. त्याला आपण मजकुराचा ठसा म्हणू. एक अक्षर बदलले तरी ठसा पार बदलतो. प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा गुंफला की साखळी तयार होते. जुनी कडी बदलायची, तर पुढच्या साऱ्या कड्या बदलाव्या लागतात. १९९५ पासून असा ठसा ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापला जाऊ लागला. घरोघर पोहोचलेल्या अंकांतला आकडा कोण बदलणार? २००८ साली मांडलेल्या बिटकॉइनच्या रचनेने हीच कल्पना उचलली. ‘ब्लॉकचेन’ हे नाव रूढ झाले ते त्यानंतर.

अशी पक्की वही मिळाल्यावर तिच्यात मतेही नोंदवावीत, असे वाटणे स्वाभाविकच होते. २०१८ साली वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील, पण परदेशी असलेल्या १४४ मतदारांनी मोबाइलवरून अशी मते दिली. २०२० साली एमआयटीतील संशोधकांनी ती प्रणाली तपासली. मतदाराच्या फोनमध्ये शिरलेला हल्लेखोर मत वहीत जाण्यापूर्वीच बदलू शकतो, असे त्यांना आढळले. म्हणजे चुकीची नोंद झाली, तर साखळी ती चूकच इमानेइतबारे जपणार! राज्याने त्याच वर्षी ती प्रणाली सोडली.

मॉस्कोत प्रश्न गुप्ततेचा होता. २०१९ च्या शहर विधिमंडळ निवडणुकीपूर्वी फ्रेंच संशोधक पिएरिक गोद्री यांनी तेथील मतांचे कुलूप साध्या संगणकावर सुमारे २० मिनिटांत उघडून दाखवले. त्यानंतर तेथे अधिक लांब किल्ली वापरली गेली.

मतपेटीकडून आपण दोन गोष्टी मागतो. मोजणी सर्वांना पडताळता यावी, आणि कोणी कोणाला मत दिले हे कोणालाच कळू नये. साखळी पहिलीला हातभार लावते. दुसरीसाठी निराळी व्यवस्था लागते. मतदारयादीत कोणाचे नाव असावे, हे तर कोणतेच गणित ठरवत नाही.

वर्गप्रमुखाच्या निवडणुकीत मुलांना एवढेच विचारावे : वहीत खाडाखोड झाली नाही, हे कळले; पण वहीत लिहिले गेले ते खरे होते, हे कशावरून?