छतच सोलरचं केलं तर? नियम काय सांगतात?

सोलर म्हटलं की छतावर ठेवलेले पॅनल आठवतात. पण वीज बनवणारे पत्रे किंवा कौलंच छत म्हणून बसवता येतात. याला ‘बीआयपीव्ही’ म्हणतात.

अनुदान मिळतं का?
हो. २०२४ च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत हा प्रकारही बसतो. घरगुती ग्राहकाला १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये मिळतात.

परवानगी कोण देतं?
इंदापूर तालुक्यातल्या लासुर्णेत वीज महावितरणची आहे. अर्ज मात्र योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर करायचा. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट आता नाही. जास्तीची वीज ग्रिडमध्ये जाऊन बिलातून वजा व्हायला नेट मीटर लागतो.

अनुदान कुठे अडकतं?
विक्रेता नोंदणीकृत नसेल किंवा सेल आणि पॅनल भारतात बनलेले नसतील, तर अनुदान मिळत नाही.

सही करण्याआधी काय बघायचं?
साधा पॅनल बिघडला तर काढता येतो, खाली छत असतंच. इथे पॅनल काढला की घर उघडं पडतं. म्हणून ५ वर्षांच्या देखभालीसोबत पावसाळ्यातल्या गळतीची जबाबदारीही करारात लिहून घ्या.