धुराच्या तोंडाशी

7 जून 2021, सोमवार. दुपार कललीय. पुण्याजवळच्या मुळशीत पिरंगुटहून तुम्ही उरवड्याकडे वळता आणि समोर काळ्या धुराचा लोट उठलेला. पाणी शुद्ध करायची रसायनं बनवणारा कारखाना पेटलाय. आत बाया पॅकिंगला बसलेल्या, भोवती प्लास्टिकच प्लास्टिक. धुरात दार सापडेना. भिंतीबाहेर उभ्या तुमचाही घसा जळतोय. आतून 17 मृतदेह निघतात, त्यांत 15 बायांचे. चेहऱ्यावरून कोणीच ओळखू येत नाही. ससूनमध्ये डीएनए तपासल्यावर घरच्यांना कळणार, आपली कोणती.

आता ह्याच मुळशीत मागे चला, शंभराहून जास्त वर्षं. शेड नाहीत, डांबर नाही, मुळशीचं धरणही अजून व्हायचंय. 1878 चा जंगल कायदा मात्र झालाय. ज्या खैरातून इथले कातकरी आदिवासी कात काढायचे तो खैर सरकारचा झाला, आणि कातकरी दुसऱ्याच्या भट्टीवर कोळसा पाडायला लागले. रचलेल्या लाकडांवर पाला, पाल्यावर माती. आत दिवसचे दिवस धुमसतं. मातीला भेग पडली की आत वारा शिरतो आणि कोळशाची राख होते, म्हणून रात्रभर राखण. बसा त्या राखणदाराशेजारी. धूर जमिनीलगतच रेंगाळतो. कार्बन मोनॉक्साइड तर दिसतही नाही, नुसतं डोकं जड होतं, मळमळतं. जवळच खोप आहे, तिच्यात तान्ही पोरं निजलीत. कोळसा शहराच्या शेगड्यांत जाणार. धूर ह्यांच्या वाट्याला.

हा योगायोग नाही. 1982 साली अमेरिकेतल्या वॉरेन काउंटीत विषारी माती टाकायला ट्रक आले, तेव्हा तिथले काळे लोक रस्त्यावर आडवे झाले: घाण आमच्याच दारात का? आपल्याकडे तो प्रश्न जात आणि जमात धरून विचारायचा.

परत आजच्या मुळशीत या. दिवाळी सरलीय. उचल घेतलेली कातकरी कुटुंबं भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं घेऊन कोळशाच्या भट्ट्यांवर निघालीत. तुमच्या मोबाइलवर पुण्याच्या हवेचा आकडा झळकतोय. पाषाणच्या आयआयटीएम ह्या हवामान संस्थेची हवा मोजणारी ‘सफर’ यंत्रणा पुण्यात 2013 पासून आहे, तिचं काम मोलाचं आहे. पण शहराच्या सरासरीत भट्टीच्या तोंडाशी राबणाऱ्या बाईच्या छातीत जाणारा धूर मोजला जात नाही. तिथला धूर वेगळा मोजा. पुढचं यंत्र कातकऱ्यांच्या खोपीपाशी बसवा, आणि आकड्यांबरोबर तिथं कोण राहतं, कोणत्या जमातीचं, तेही लिहा.