पोर्टर : एका लुप्त पेयाचा घरगुती शोध

राज्यें कशीं बुडालीं हें सांगण्यास इतिहासकाराजवळ तहनामे, बखरी, पत्रव्यवहार अशीं साधनें असतात. पण एखादी रुचि जगांतून कशी नाहींशी झाली हें सांगावयाचें झालें म्हणजे कागद अपुरा पडतो. कृति लिहून ठेवलेली असते. परंतु तींत उल्लेखिलेल्या वस्तू कालांतरानें पालटून जातात, आणि नांवें मात्र तींच राहतात. लंडनच्या पोर्टर नांवाच्या बीअरचा इतिहास या दृष्टीनें मोठा उद्बोधक आहे. तो उलगडण्याच्या कामीं विद्वानांच्या जोडीला, आपल्या स्वयंपाकघरांत हौसेनें बीअर करणाऱ्या सामान्य गृहस्थांचेंही साहाय्य झालें आहे, ही गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे.

बीअर हा मुळांत कारखान्याचा माल नव्हेच. मध्ययुगीन इंग्लंडांत ती करणें हें रोटी भाजण्यासारखेंच घरकाम होतें, आणि तें बहुतांशीं स्त्रियांच्या हातीं होतें. घरची गरज भागून उरेल ती शेजाऱ्यांस विकावी, असा तो व्यवहार. पुढें हॉप्स नामक वेलीचीं फुलें घालण्याची रीत समुद्रापलीकडून आली. त्यामुळें पेय पुष्कळ दिवस टिकूं लागलें, धंद्यास भांडवल लागूं लागलें, आणि ज्यांच्याजवळ भांडवल नव्हतें त्या स्त्रिया हळूहळू मागें पडल्या. १८ व्या शतकाच्या पूर्वार्धांत पोर्टर उदयास आली. लंडनच्या हमालांस ती प्रिय होती. त्यांच्यावरूनच तिला हें नांव पडलें. तिच्या जोरावर मोठमोठे कारखाने उभे राहिले. तेथील लांकडी पिपें किती प्रचंड असत याची कल्पना एका दुर्घटनेवरून येईल. ता. १७ ऑक्टोबर १८१४ रोजीं टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या कारखान्यांतील असें एक पीप फुटलें, आणि बीअरच्या लोंढ्यांत सांपडून आठ माणसें मरण पावलीं.

पोर्टरचा प्राण म्हणजे तपकिरी माल्ट. आपल्याकडे नाचणीस मोड आणून ती वाळवितात, त्याच रीतीनें जवास मोड आणून ते भट्टीवर सुकविले म्हणजे माल्ट होतो. मोड येतांना दाण्यांत जीं पाचक द्रव्यें उत्पन्न होतात, तीं ऊन पाण्यांत दाण्यांतील पिठाची साखर करतात; आणि त्या साखरेचें मद्य करणें हें यीस्टचें काम. आरंभींची पोर्टर केवळ तपकिरी माल्टची असे. १७८४ सालीं जॉन रिचर्डसन यानें द्रवांतील सत्त्वांश मोजण्याच्या उपकरणाविषयीं ग्रंथ लिहिला. मोजमाप सुरू झाल्यावर, फिका माल्ट महाग असला तरी त्यांतून सत्त्व अधिक निघतें व तो अखेर स्वस्तच पडतो, हें कारखानदारांस कळून चुकलें. तपकिरी माल्टचें प्रमाण घटलें, तसा पेयाचा रंगही उतरला. मग १८१७ सालीं डॅनिएल व्हीलर यानें माल्ट काळा होईपर्यंत भाजण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें, आणि थोडक्या काळ्या माल्टनें रंगाची उणीव भरून निघूं लागली. नांव पोर्टरच राहिलें. पेय मात्र निराळें झालें. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेंही लंडनमधून नामशेष झालें.

इकडे घरच्या चुलीवरील कसबास कायद्यानें ग्रासलें. १८८० सालीं ग्लॅडस्टननें माल्टवरील कर काढून तो बीअरवर बसविला, आणि घरीं बीअर करणारासही परवाना घेणें भाग पडलें. करव्यवस्थेच्या दृष्टीनें ही सुधारणा खरी. परंतु पिढीजात हातोटी एकदां खंडित झाली म्हणजे ती वही वाचून परत येत नाहीं. १९६३ सालीं अर्थमंत्री मॉडलिंग यांनीं हा परवाना रद्द केला, आणि घरगुती बीअरचा छंद झपाट्यानें पसरला. पुढें पश्चिम लंडनमध्यें डर्डन पार्क बीअर सर्कल हें हौशी मंडळ निघालें. जुन्या कारखान्यांच्या नोंदवह्या शोधावयाच्या, त्यांतील प्रचंड मापें एका पातेल्यापुरतीं उतरवावयाचीं, आणि बाजारांतून नाहींसे झालेले माल्ट घरच्या ओव्हनमध्यें भाजून तयार करावयाचे, असा त्यांचा उद्योग.

अशा प्रयोगांचें मोल केवळ चवींत नाहीं. त्यांतून जे प्रश्न उपस्थित होतात, त्यांत तें अधिक आहे. आज मिळणारा तपकिरी माल्ट एकटाच घेऊन जुनी कृति करूं पाहणारास पिठाची साखर झालेली दिसत नाहीं. कारण त्यांतील पाचक द्रव्यें भाजण्याच्या उष्णतेनें नष्ट झालेलीं असतात. ज्याअर्थीं १८ व्या शतकांत याच नांवाच्या माल्टची बीअर होत होती, त्याअर्थीं तो माल्ट निराळ्या रीतीनें सुकविलेला असला पाहिजे. नोंदवहींत नुसतें नांव असतें. भेद पातेल्यांत दिसतो.

यावर कोणी विचारील कीं, अशी केलेली पोर्टर हीच अस्सल पोर्टर हें कशावरून? आक्षेप रास्त आहे. जवाच्या जाती पालटल्या. लांकडाच्या जाळावरची भट्टी निराळी आणि ओव्हन निराळा. शिवाय महिनेच्या महिने पिपांत मुरणाऱ्या इंग्लिश बीअरला जी विशिष्ट चव येई, ती एका खास यीस्टमुळें येते हें कार्ल्सबर्ग कारखान्यांतील क्लाउसेन यानें १९०४ सालीं प्रथम जाहीर केलें. जुन्या कारागिरांस ज्याचा पत्ताच नव्हता, तें त्यांच्या कृतींत कोठून येणार? तेव्हां घरच्या पातेल्यांतून गतकाल जशाचा तसा वर येतो, असें कोणीं मानूं नये. तथापि कागदावर काय लिहिलें आहे हें वाचकास कळतें. लिहिणाऱ्यानें काय गृहीत धरून लिहिलेंच नाहीं, हें तेंच काम आपल्या हातांनीं करणारास कळतें. कारागिरीच्या इतिहासांत हें दुसरें ज्ञान पहिल्याइतकेंच आवश्यक आहे, आणि जो समाज घरगुती कसब कायद्यानें वा उपेक्षेनें मोडतो, तो आपल्याच दप्तराची भाषा विसरून बसतो.