रिपोर्टमधले नाव का महत्त्वाचे?

कानाखालची गाठ काढली, रिपोर्टमध्ये ‘ॲसिनिक सेल कार्सिनोमा’ आले, की तुम्ही विचारता, “डॉक्टर, नाव काहीही असो, शेवटी कॅन्सरच ना?” नावाने काय फरक पडतो ते पाहा.

२०१० साली चेक पॅथॉलॉजिस्ट डॉ. अलेना स्कालोवा आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की लाळग्रंथीच्या काही गाठी याच नावाखाली चुकून मोजल्या जात होत्या. ॲसिनिक सेलच्या पेशींत पाचक द्रव्याचे बारीक कण दिसतात. या गाठींत ते नव्हते. दिसायला त्या स्तनाच्या एका दुर्मिळ कॅन्सरसारख्या होत्या. जनुकीय बदलही तोच निघाला: ईटीव्ही६ आणि एनटीआरके३ ही जनुके एकमेकांना जोडलेली.

२०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या गाठीला ‘सिक्रिटरी कार्सिनोमा’ हे नाव मिळाले. २०१८ मध्ये अशा एनटीआरके जोडावर काम करणाऱ्या लॅरोट्रेक्टिनिब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली.

दोन्हींत मुख्य उपचार आजही शस्त्रक्रियाच. पण आजार पसरला, तर या औषधाचा विचार करता येतो तो नेमके निदान असेल तरच. म्हणून गाठीच्या स्लाइड्स आणि ब्लॉक जपून ठेवा. जुना रिपोर्ट असेल आणि गाठ पुन्हा आली, तर फेरतपासणी हवी का, हे तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा.